ओळंबाकाकांनी उतरवलेला गिलावा

त्यांचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असेल, पण ती उघडून बघायची वेळ कधी कुणावर आली नाही. गावात सगळे त्यांना ओळंबाकाका म्हणत. अंगानं शिडशिडीत, मान ताठ, आणि खिशात कायम दोरीला बांधलेला पितळी ओळंबा. कुणाकडे चहाला गेले तरी आधी दाराची चौकट डोळ्यांनी मापायचे, मग बसायचे. "बोटभर कलली आहे," असं घरधन्याच्या तोंडावर सांगायचे. त्यामुळे चहाची बोलावणी त्यांना जरा बेतानंच येत.

मी चर्चच्या आवारातल्या शाळेत शिकवत होते आणि काका-काकू शाळेमागच्या गल्लीत राहत. पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं काकूंकडून ऐकलं. काकू तिखटमीठ लावतात हे मला माहीत आहे, पण त्या खोटं बोलत नाहीत.

आमचं चर्च तीनशे वर्षांचं. एवढ्याशा गावानं एवढं मोठं काम अंगावर का घेतलं असेल, देव जाणे. दगडी भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात दोन माणसं ऐसपैस बसतील. वर उलट्या घातलेल्या नावेसारखं लाकडी छत. मनोरे दोन बांधायचे होते म्हणे, पण एकच झाला. दुसऱ्याचं जोतं तेवढं दाराशेजारी आहे आणि रविवारी म्हातारी मंडळी त्यावर बसून गप्पा मारतात.

काका अठ्ठावीस वर्षांचे असताना त्यांना आयुष्यातलं पहिलं मोठं काम मिळालं ते याच चर्चचं. भिंतींवरचा जुना चुन्याचा गिलावा जागोजागी उडाला होता, शेवाळ धरलं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांची इच्छा होती की चर्च नव्या नवरीसारखं दिसावं. काकांनी सिमेंटचा गिलावा सुचवला. तेव्हा सिमेंट म्हणजे शेवटचा शब्द होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नाही म्हणाल्या त्या एकट्या काकू. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या वडिलांची चुन्याची भट्टी होती, चुना विरवण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं.

"दगडाची भिंत पाणी पिते आणि सोडते," त्या म्हणाल्या. "चुन्यातून सोडते. सिमेंटातून कुठून सोडेल?"

"माहेरचा धंदा बसतोय म्हणून पोटात दुखतंय का?" काका हसत म्हणाले.

काकूंनी ते वाक्य पदराला बांधून ठेवलं आणि त्यानंतर एकतीस वर्षं चुन्याचं नाव काढलं नाही.

गिलावा मात्र असा झाला की यंव. चार महिने काका परांचीवरून उतरले नाहीत. भिंती आरशासारख्या गुळगुळीत, कोपरे सुरीनं कापल्यासारखे. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला आले. दर रविवारी काका बाजूच्या बाकावर बसत आणि उत्तरेच्या भिंतीकडे एकटक बघत. फादरांनी आज काय सांगितलं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नसे.

काही वर्षांनी भिंतीच्या पायथ्याशी रंगाचे पोपडे निघायला लागले. मग लोणा आला, पांढरा, पिठासारखा. मग फुगवटे. आत शिरलं की कोंदट वास यायचा. काका खरवडून नवा थर द्यायचे. रंग भिकार आहे, खिडक्या उघडत नाहीत, कबुतरं फार झाली आहेत, अशी दरवेळी नवी सबब. भिंतीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर तो त्यांना स्वतःला लागायचा.

एका बुधवारी दुपारी फुलं लावणाऱ्या बायका नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. मागे धाडकन आवाज झाला. दाराएवढी गिलाव्याची लादी उत्तरेच्या भिंतीवरून सुटून पुढच्या बाकांवर कोसळली होती. दोन बाक मोडले. माणूस वाचलं ते पाच मिनिटांच्या फरकानं.

चर्चला कुलूप लागलं. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, शाळेच्या हॉलमध्ये व्हायला लागली, आणि दर शनिवारी वर्गातले बाक हलवायचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. शहरातून एक इंजिनिअर आले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या आणि लिहून दिलं की आतून सगळं सडलं आहे, मनोरा धोक्याचा आहे, पाडा आणि खांबांचा नवा हॉल बांधा. निम्म्या गावाला ते पटलं. नव्या हॉलमध्ये पंखे असतील, गाड्या लावायला जागा होईल. उरलेलं निम्मं गाव डोळे पुसत होतं, पण डोळे पुसून भिंत सुकत नाही.

धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, समितीवर तेव्हा आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना हेडबाई म्हणत. त्या म्हणाल्या, "तीनशे वर्षांचं पोर आहे. नापास करण्याआधी एकदा दुसऱ्या कुणालातरी पेपर तपासू द्या."

म्हणून आताच्या तरुण फादरांनी जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्टबाईंना बोलावलं. बाई दोन दिवस राहिल्या. भिंतीला कान लावून टकटक करत फिरल्या, गुडघ्यांवर बसून जोतं पाहिलं, मनोऱ्यावर चढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दहा-पंधरा जण दाराशी जमलो होतो. बाईंनी हात झटकत विचारलं, "हा गिलावा कुणी केलाय?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले.

"मी," काका म्हणाले. मान नेहमीपेक्षा ताठ.

"काम फार उत्तम आहे."

काकांचा चेहरा उजळला.

"तीच तर अडचण झाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "वाईट केलं असतंत तर पाच वर्षांत गळून पडलं असतं आणि भिंत वाचली असती. तुम्ही इतकं घट्ट केलंत की आतलं पाणी एकतीस वर्षं आतच कोंडलंय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असावं. काका वळले आणि निघून गेले.

घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले, असं काकू सांगतात. जेवायला उठले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू तेव्हाच सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"तुम्ही माझ्या माहेराचं नाव काढलं होतंत."

काकांनी भिंतीकडची मान वळवली. मग म्हणाले, "चुकलंच माझं." एकतीस वर्षांत हे शब्द पहिल्यांदा ऐकले, असं काकू म्हणतात. इथे तिखटमीठ असेलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चर्चच्या मागच्या बाजूला गेले. काकांनी छन्नी लावली आणि हातभर गिलावा फोडला. आत दगड घामेजल्यासारखे ओले होते. दोन दगडांमधला जुना चुना दह्यासारखा झाला होता. काकांनी त्यात बोट घातलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. मग फटीतून पाण्याची एक बारीक धार आली आणि त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेली.

तसेच, ओल्या हातानं, ते फादरांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "फादर, हे मला काढू द्या."

शाळेच्या हॉलमध्ये बैठक बसली. आर्किटेक्टबाईंचं म्हणणं होतं की दगड शाबूत आहेत, त्यांना सुकू दिलं तर मनोराही उभा राहील. त्यांनी एक वर्ष मागितलं. आधी फक्त उत्तरेची भिंत. ती सुकली तर पुढचं. काका उठून म्हणाले की गिलावा मी उतरवेन.

नवा हॉल हवा असलेले आमचे किराणा दुकानदार म्हणाले, "ज्यानं आग लावली त्यालाच विझवायला बोलवायचं?"

"हो," काका म्हणाले. "कुठे कुठे लावली ते त्यालाच माहीत असतं."

हेडबाईंना हसू आवरलं नाही. वर्ष मिळालं.

आणि काम सुरू झाल्यावर कळलं की काकांचा गिलावा काकांचंही ऐकत नाही. यंत्राच्या हातोड्याला बाईंनी मनाई केली होती, हादऱ्यानं आतले सांधे सुटले असते. त्यामुळे सगळं छन्नीनं. पहिल्या दिवसभरात पाटाएवढी जागा मोकळी झाली. "कोण गाढव आहे हा, केवढं घट्ट बसवून ठेवलंय!" असं काका परांचीवरून ओरडायचे, आणि खालून काकू म्हणायच्या, "आहे एक ओळखीतला."

एका भिंतीला सात आठवडे लागले. काकांचा उजवा खांदा संध्याकाळी वर जाईना. पण त्या सात आठवड्यांत त्यांना जुने गवंडी भेटले. दोन मोठ्या चिऱ्यांमध्ये छोट्या छोट्या चिपा इतक्या नेमक्या ठोकलेल्या, की चुना पातळ होऊनही एक चिप हलली नव्हती. दगडांवर पाथरवटांच्या खुणा होत्या. कुणाचा मासा, कुणाच्या तीन रेघा, कुणाची फणी. फणीवाल्याचे दगड सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चोख. काका त्याच्याशी बोलायला लागले. "आज फणीवाला सुट्टीवर होता वाटतं," असं जेवायच्या वेळी आम्हाला सांगायचे. मग एक दिवस फणीवाल्याचा एक दगड सापडला, बाकीच्यांपेक्षा दोन बोटं आखूड. तिथे चिपा कोंबून वेळ मारून नेली होती. काका त्या दिवशी भलतेच खुशीत होते. घरी जाताना वाटेत भेटेल त्याला त्यांनी ती बातमी सांगितली.

आता चुना लागणार होता आणि तिथून काकूंचं राज्य सुरू झालं. आवारात चार पिंप आले. काकूंनी कळीचा चुना पाण्यात सोडला. तो खदखदून उकळला, आणि त्या वाफेत तोंड घालून काकूंनी असा श्वास घेतला की जणू कुणी माहेरचं माणूस आलंय. तीन महिने तो चुना पाण्याखाली मुरत ठेवला. आर्किटेक्टबाईंकडे वाळू-चुन्याचं प्रमाण लिहिलेला कागद होता. काकू अंगठ्यावर कालवलेला माल घ्यायच्या, बोटांत चोळायच्या आणि म्हणायच्या, "आणखी अर्धं घमेलं वाळू." बाईंनी आठवडाभर दोन्ही तपासून पाहिलं आणि मग कागद पिशवीत ठेवून दिला.

घमेली आता काका वाहायचे. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांवर "माल आण" म्हणून आवाज चढवला होता, ते आता काकूंच्या हाकेला पिंपाशी हजर व्हायचे. थापीचा हात काकांचाच, पण कधी लावायचं आणि कधी थांबायचं हे काकू ठरवायच्या. थांबणं काकांना जमत नसे. सिमेंटला वाट बघावी लागत नाही. एकदा काकू बाजारात गेलेल्या पाहून त्यांनी पहिला थर पुरता आळायच्या आधीच दुसरा चढवला. चार दिवसांत भिंतीवर भेगांचं जाळं उमटलं.

काकूंनी कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. "काढा."

"सगळं?"

"सगळं. आता तर तुम्हाला काढायची सवय आहे."

भिंतीचा वरचा भाग छान सुकला. पण खाली, गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत, ओल जाईना. बाईंकडे दोन सुयांचं एक छोटं यंत्र होतं. ते वर टोचलं की आकडा कमी, खाली टोचलं की पुन्हा पहिल्यासारखा. बाई चक्रावल्या. जमिनीतून थोडी ओल चढतेच, पण इतकी? वर्ष संपायला चार महिने उरले होते. दुकानदार पुन्हा नव्या हॉलचा नकाशा दाखवत फिरायला लागले.  काका दुपारी परांचीवर नुसतेच बसून राहायचे.

अशाच एका दुपारी काकू थाप्या आणि घमेली धूत होत्या. भिंतीला लागून सिमेंटची पायवाट होती, पायाला चिखल लागू नये म्हणून समितीनं बारा वर्षांपूर्वी करून घेतलेली. काकूंनी बादली तिथेच उपडी केली. पाणी पायवाटेवरच्या एका भेगेत शिरलं आणि गुडगुड आवाज करत गायब झालं. काकूंनी दुसरी बादली ओतली. तीही गेली.

"अहो, खाली या जरा. हे पाणी चाललंय कुठे?"

काका उतरले, पायवाटेला कान लावून आडवे झाले. मी वर्ग सुटल्यामुळे तिथेच होते, मग मीही बादल्या भरून आणल्या. सात बादल्या ओतल्या. पाणी आत जायचं आणि बाहेर कुठेच यायचं नाही.

"खाली पोकळ आहे," काका म्हणाले. मग आमच्याकडे बघून लगेच, "ही पायवाट मी केलेली नाही हां. लक्षात ठेवा. ही माझी नाही." पुढे फादर आले तेव्हा त्यांनाही सांगितलं, बाई आल्या तेव्हा त्यांनाही.

पायवाट फोडली. खाली दगडात कोरलेली पन्हळ निघाली. हातभर रुंद, लांबलचक दगडांची, एकाला एक अशी जोडलेली की नखही शिरू नये. जोत्याच्या कडेनं ती सगळ्या चर्चला वळसा घालून दफनभूमीच्या पलीकडच्या ओहोळाकडे उतरत होती. छपराचं सगळं पाणी वाहून नेण्यासाठी बांधणाऱ्यांनी केलेली सोय. पण आता तिच्यात जागोजागी माती आणि मुळं ठासून भरली होती, वरून सिमेंट. छपराचं पाणी भेगांतून तिच्यात उतरायचं, वाट नाही म्हणून थांबायचं आणि भिंत ते पायानं प्यायची.

आर्किटेक्टबाई कितीतरी वेळ तिथेच उकिडव्या बसून होत्या. "मी याच पायवाटेवरून वर्षभर चालतेय," त्या म्हणाल्या. काकूंनी त्यांना प्यायला पाणी दिलं.

शनिवारी सगळं गाव फावडी-कुदळी घेऊन आलं. कुणी बोलावलं नव्हतं, बातमीच तशी पसरली होती. हेडबाई खुर्ची टाकून बसल्या आणि कुणाचं काम कच्चं आहे ते सांगत राहिल्या. दुकानदारही आले. आधी बाजूला उभे होते, मग शर्टाच्या बाह्या वर करून त्यांनी एक मूळ असं ओढलं की मुळासकट स्वतःही मागे जाऊन पडले. ते सगळ्यात आधी स्वतःच हसले. मातीतून पाटीच्या पेन्सिली निघाल्या, गोट्या निघाल्या, कुणाच्यातरी आजोबांचा चष्म्याचा दांडा निघाला.

दुपारी वरच्या टोकाला पाण्याचा नळ सोडला. पाणी क्षणभर घुटमळलं, मग वाट आठवल्यासारखं पुढे सरकलं. पूर्वेच्या कोपऱ्यावर वळलं, मनोऱ्याखालून गेलं, आणि आम्ही सगळे, चाळीस-पन्नास शहाणीसुरती माणसं, त्याच्या बरोबरीनं पळायला लागलो. ओहोळाच्या काठाशी दगडाच्या तोंडातून धार पडली तेव्हा इतका ओरडा झाला की दफनभूमीतले बगळे उडाले. काका मात्र कोपऱ्यावरच थांबले होते. पन्हळीच्या वळणावर एका दगडावर फणी कोरलेली होती. तिच्यावरून ते बोट फिरवत होते.

पावसाळा गेला. वर्षाची मुदत संपली त्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर यंत्राच्या सुया भिंतीच्या पायथ्याशी टोचल्या. आकडा उतरला होता, निम्म्याहून खाली. हेडबाईंचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी चष्मा लावला, वाकून भिंतीवर तळहात ठेवला, मग हाताची दुसरी बाजू ठेवली, जशी आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो.

"पास," त्या म्हणाल्या.

पुढची तीन वर्षं उरलेल्या भिंती आणि मनोरा झाला. मनोऱ्याला ओळंबा लावला तेव्हा तो चार बोटं कललेला निघाला. काका दोन दिवस अस्वस्थ. बाईंनी समजावलं की तो बांधतानाच कलला, तीनशे वर्षं तसाच उभा आहे, त्याला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "राहू दे. या वयात मीही कुठे सरळ आहे."

चर्च उघडलं तेव्हा काहींना नव्या भिंती आवडल्या नाहीत. जरा उंचसखल दिसतात, पूर्वीसारखा गुळगुळीतपणा नाही, म्हणाले. काकांनी वाद घातला नाही. आत शिरल्यावर कोंदट वास नव्हता, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं.

मग शेजारच्या धर्मग्रामातून निरोप आला. त्यांचंही चर्च जुनं होतं, लहानसं, आणि सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या होत्या. काका-काकू पहिल्याच गाडीनं गेले. काकांनी तिथल्या गवंड्याला उपदेश केला नाही. एक गोणी आडवी करून तिच्यावर बसले आणि स्वतःच्या गिलाव्याची सगळी गोष्ट त्याला सांगितली, गाढवासकट. गोण्या परत गेल्या.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला तिकडे गेले होते. सहा महिन्यांसाठी त्यांना चर्चला लागून एक खोली दिली आहे. खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह आणि कोपऱ्यात थाप्यांची रांग. आवारात आठ पिंप आहेत. काकूंच्या हाताखाली तिथल्या सहा बायका चुना विरवायला शिकतात आणि त्यातल्या दोघी आता काकूंशीच प्रमाणावरून वाद घालतात. काकू त्यांना रागावतात आणि मागून मला सांगतात, "पोरींचा अंगठा चांगला आहे."

काका परांचीवर होते. चौसष्ट वर्षांचे झालेत. मला पाहून त्यांनी हात हलवला, भिंतीतला एक दगड दाखवला आणि वरूनच ओरडले, "इथला पाथरवट पान काढायचा! बघायला ये वर!"

"आधी चहा घेऊ द्या तिला," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही उतरा. तो थर उद्याशिवाय तयार व्हायचा नाही."

काका बघत राहिले भिंतीकडे थोडा वेळ. मग उतरले.